चाळिसावी विद्यार्थिनी

आमचा परदेशी विद्यार्थी विभाग शुक्रवारी पाच वाजता बंद झाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. मीही ते लिहिलेलं नाही.

तर, शुक्रवारी दुपारी दोनला आमचा विभाग ठणठणीत होता. पटावर बरोब्बर चाळीस परदेशी विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी दोनशे दहा होते, मग एकशे तीस, मग ऐंशी. पाहुणे येणार असले की साहेब भिंतीवरचा आलेख एका कुशीवर वळवून टांगायचे. रेघ वर जायची, अक्षरं आडवी पडायची. यंदा मात्र नियमच आला: शुक्रवारी पाचला मोजणी. चाळीसला एक जरी कमी भरला, तरी विभागाला कुलूप आणि मुलांना घरचा रस्ता.

सव्वादोनला लंबू आला, आमचा सगळ्यात जुना विद्यार्थी. चेहरा नुसता फुललेला.

"दादा, झालं! नागरिकत्व मिळालं!"

मी त्याला कडकडून मिठी मारली. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न मीच त्याच्याकडून घोकून घेतले होते. मिठीतच लक्षात आलं, की आपण ज्याला धरलंय तो आता परदेशी नाही.

"एकोणचाळीस," हेडक्लार्क मावशी म्हणाल्या. "कर अजून समाजसेवा."

"परत देऊन येऊ का?" लंबूचा चेहरा पडला.

"गप बस," मावशी म्हणाल्या. "आणि अभिनंदन."

आशा एकच उरली. प्रवेश मिळालेली एक नर्स तिकडची पक्की नोकरी सोडून निघाली होती, तिचं विमान तीनला उतरणार होतं. ती देशात शिरली की चाळीस. साडेतीनला विमानतळावरच्या पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवरून तिचा फोन आला.

"सर, हे विचारतायत, तुमचा विभाग चालू आहे का? तसं पत्र हवंय."

मावशींनी दोन मिनिटांत पत्र टाइप केलं. साहेबांनी पेन उघडलं, पत्र वाचलं आणि टोपण लावलं.

"मोजणीआधी विभाग चालू आहे असं कसं लिहू? कारवाई होईल माझ्यावर."

"साहेब, मोजणी भरायला ती आत यायला हवी ना!"

"मग येऊ दे की आत. लगेच सही करतो."

मी फोनवर विनवण्या केल्या. तिथला अधिकारी फार सज्जन निघाला. म्हणाला, "सही येऊ द्या, लगेच आत सोडतो."

दोघंही पूर्ण सहकार्य करत होते.

साडेचारला तिचा पुन्हा फोन. आवाज एकदम बारीक. "सर, सातच्या परतीच्या विमानात माझं नाव लिहिलंय त्यांनी. तिकडे माझ्या जागेवर दुसरी आलीय. मी जाऊ कुठे?"

मी म्हणालो, "पाणी प्या."

मावशी खुर्चीवर चढल्या आणि भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ त्याला जुळवून घेतलं. सही मात्र केली नाही.

जिन्यात मोजणी अधिकाऱ्यांचे बूट वाजायला लागले, तेव्हा मी कागद ओढला आणि लिहिलं:

"महोदय, सदर विद्यार्थिनी खिडकीच्या अलीकडे येईपर्यंत आज रोजीचे पाच वाजणे स्थगित ठेवण्यात यावे, व तसे सर्व संबंधित घड्याळांना लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."