डोंग्यातली पिशवी

आमच्या बेटावर घड्याळं आहेत, पण ती भिंतीची शोभा वाढवायला. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. पूर्णेच्या पात्रातल्या या भाजीवाल्यांच्या वस्तीत लग्न होऊन आले, तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच आहे. पावसाळ्यात इथून बाहेर पडायला एकच डोंगा, म्हणजे लहानशी होडी, आणि त्याचा एकच कायदा: ज्याची पिशवी दिसली, तो आलाच समजायचं. त्याला टाकून डोंगा सुटत नाही.

त्या सकाळी घाटावर शेजारच्या उत्तमकाकांची पिशवी होती. उत्तमकाका नव्हते.

"धर्मेंद्रभाऊ, सोडा ना आता," मी डोंगेवाल्याला म्हणाले. "अकराले अमरावतीले मुलाखत हाये मायी."

"येऊन राह्यले ना वयनी. वांगे तोडाले गेले. पिशवी हाये त्याइची."

तिथल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा एकच होती आणि पुढच्या वर्षी वयाची अट मला बाहेर काढणार होती. मिळाली तर अमरावतीत खोली करू, असं नितेशने, माझ्या नवऱ्याने, कबूल केलं होतं. मी फाईल छातीशी धरून उभी. पलीकडच्या काठावर बसचा हॉर्न वाजला.

"बस काय, दुसरी येते," डोंग्यात बसलेली आशाबाई शेंगा सोलत म्हणाली. हिला नदीत ढकलावं असं मनात आलं.

काका आले ते रमतगमत, डोक्यावर टोपलं घेऊन. "लय घाई हाये का पोरी?" मी दातओठ खात त्यांची पिशवी उचलून डोंग्यात ठेवली.

काठ लागताच उडी मारली आणि चिखलातून धावत सुटले. बस गेली होती. दुसरी बस, मग ऑटो, मग पुन्हा धावणं. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा आत घेणं बंद झालं होतं. पाया पडते म्हणाले, तर तिथल्या बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "नियम सगळ्यांना सारखा."

परतीच्या बसमध्ये नितेशचा फोन आला. "धरणाचे दरवाजे उघडले. पाणी वाढून राह्यलं. लवकर ये, नाहीतर डोंगा वर ओढतीन."

"ओढू दे," मी म्हणाले आणि फोन बंद केला. काठावर डोंगा नसेल तर तसंच अकोल्याला माहेरी जायचं ठरवलं होतं. या लोकांचं तोंड पाहायचं नव्हतं.

नदीच्या काठावर पोचले तेव्हा पाणी बाभळीच्या बुंध्याला लागलं होतं. आणि डोंगा तिथेच होता. सकाळचेच सगळे परतीला आत बसलेले, घाबरलेले. धर्मेंद्रभाऊ बाभळीला गुंडाळलेला दोर दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"काहून थांबले?" मी ओरडले. "सारेच मरान ना!"

"तुयी पिशवी होती ना डोंग्यात. बस लवकर!"

माझ्या डब्याची पिशवी. सकाळच्या धावपळीत राहून गेली होती. ती उत्तमकाकांच्या मांडीवर होती.

मधल्या धारेत डोंगा कलला. आशाबाईने माझा दंड घट्ट धरला. काठ जवळ आल्यावर काकांनी विचारलं, "झालं का काम?"

"नाही झालं. तुमच्या वांग्यापायी उशीर झाला. दार बंद केलं त्याइनं."

काकांचा चेहरा पडला.

"तू येऊन राह्यली हे मालूम होतं त्याइले?"

"होतं. नाव होतं ना मायं."

"मंग थांबले काहून नाही?"

ते वाद घालत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. सगळा डोंगा माझ्या उत्तराची वाट पाहत होता. उत्तर मला येत होतं, पण त्या लोकांमध्ये बसून ते तोंडातून निघेना.

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. वाहून जाऊ नये म्हणून काकांनी ती सुतळीने स्वतःच्या मनगटाला बांधली होती. गाठ ओली झाली होती, सुटता सुटेना. ती सोडवता सोडवता मला रडू फुटलं.