पडायला मी होतो

"जोरात धर," सर म्हणाले. "गरम कप उचलल्यासारखं काय धरतोस?"

मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. सर पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. खुब्याच्या ऑपरेशनला सोळा दिवस झाले होते. पायांवर चादर, चादरीवर उघडी वही. त्यांनी माझ्या मुठीतला हात हळूच आत वळवला, कोपर खाली आणलं, मग थांबून माझ्याकडे बघितलं.

"इथपर्यंत बरोबर?"

"बरोबर आहे सर."

"मग चुकलं कुठे?"

दवाखान्यातून घरी आल्यापासून रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. मी कामावरून थेट त्यांच्याकडे जायचो, हात धुऊन पलंगाशेजारी बसायचो आणि ते माझ्याकडून मनगट धरून घ्यायचे. कधी पायाचं गणित, कधी कोपराचं. वहीत आकृत्या काढायचे, खोडायचे. आणि मी ढिम्म बसून "बरोबर आहे सर" म्हणत राहायचो. चुकलं कुठे ते मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे निघालो की वाटेत ठरवायचो, आज सांगून टाकायचं. त्यांच्या दारात चपला काढल्या की तोंडाला कुलूप.

सर आयकिडो शिकवायचे. ही जपानी विद्या. यात ठोसे-लाथा कमी, समोरचा ज्या जोरानं अंगावर येतो तोच जोर वळवून त्याला खाली आणायचं. आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सतरंज्या गुंडाळायचो, मॅट पसरायचो आणि पांढरे पोशाख चढवून एकमेकांना पाडायचो. मी त्यांच्याकडे वीस वर्षं होतो. पोटासाठी मी वजनकाटे दुरुस्त करतो, म्हणून सर मला तराजू म्हणायचे. बाकीच्यांनी तेच उचललं. माझं खरं नाव वर्गात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

शिकवणाऱ्याला डाव दाखवायला एक पडणारा लागतो. "तराजू, ये" अशी हाक आली की मी पुढे व्हायचो, त्यांच्यावर धावून जायचो आणि पडायचो. पडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

सर म्हणायचे, हॉलमधला सराव म्हणजे नुसती तयारी, खरा सराव दाराबाहेर. जिना उतरताना, रांगेत उभं असताना, साहेब ओरडत असताना. मी ते फार मनावर घेतलं होतं. वीस किलोचं लोखंडी वजन उचलताना माझी पाठ वाकत नसे. "काटा जरा आपल्या बाजूनं राहू दे" असं म्हणणारे दुकानदार रोज भेटतात. मी शांतपणे ऐकून घ्यायचो आणि काटा शून्यावर आणून सील लावायचो. कुणी अंगावर आलंच तर अर्धं पाऊल बाजूला सरायचो, त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. घरी मात्र बायको वैतागायची. "तुमच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही आडवे."

पाच ग्रॅमची लबाडी खपवून न घेणारा माणूस मी. आणि सरांशी आठ वर्षं लबाडी केली.

त्याची सुरुवात शाळेच्या वार्षिक समारंभात झाली. समोर पालक, पाहुणे, पहिल्या रांगेत खुर्च्या. सरांचा डावा खांदा तेव्हा आखडायला लागला होता, पण ते कुणाला सांगत नव्हते. मी धावून गेलो, त्यांनी माझं मनगट घेतलं, वळले, आणि माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. एरवी त्या क्षणाला पायाखालची जमीन जायची. त्या दिवशी मी चांगला दोन पायांवर उभा होतो. सरांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि त्यांनाही क्षणभर ते कळलं होतं. मी उडी मारली. अशी मारली की मॅटवर धप्पकन आवाज झाला आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

घरी जाताना सर म्हणाले, "आज जमलं रे. आज मला काही ताकदच लावावी लागली नाही."

मी "हो सर" म्हणालो.

मग ते होतच गेलं. खांदा आखडत गेला, मी हलका होत गेलो. नवीन आलेली मुलं-मुली माझं बघून शिकली. सगळे पडत असताना आपण एकट्यानं खांबासारखं उभं राहणं कुणाला बरं वाटेल? वर्ष-दोन वर्षांत सरांनी नुसता हात पुढे केला तरी माणसं कोसळायला लागली. सर म्हणायला लागले, "वय झालं की ताकद जाते आणि विद्या येते." त्यांच्या तोंडावर असा काही आनंद असायचा की मी मान डोलवायचो.

हे मी त्यांच्यावरच्या प्रेमानं केलं असं मी बायकोला सांगितलं होतं. स्वतःलाही तेच सांगत होतो. त्यात थोडं खरं असेल. पण टाळ्या पडायच्या त्या मला आवडायच्या, हेही खरं. काटे दुरुस्त करणाऱ्याला जन्मात कुणी टाळ्या देत नाही. मी उभा राहिलो असतो तर सरांनी दुसऱ्या कुणाला तरी पुढे बोलावलं असतं. मला ते नको होतं.

आणि मग औषधांच्या दुकानातली ती सकाळ.

मी नंतर तिथे गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीला मीच विचारलं, नेमकं काय झालं. एक दांडगा माणूस औषध मिळालं नाही म्हणून आरडाओरडा करत होता आणि त्यानं काउंटरवरून हात घालून तिचा दंड धरला होता. रांगेत आठ-नऊ माणसं. सगळी आपापल्या चिठ्ठ्या वाचण्यात दंग. सर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला उभे होते. वय बाहत्तर. ते पुढे झाले आणि म्हणाले, "सोडा तिला."

"त्यानं मला सोडलं आणि आजोबांच्या अंगावर गेला," ती मुलगी म्हणाली. "आजोबांनी त्याचा हात धरला, असे गोल वळले आणि थांबले."

"थांबले?"

"हो ना. आता काहीतरी होणार आहे, त्याची वाट बघत असल्यासारखे. आम्हाला कुणाला काही कळेचना. मग त्या माणसानं नुसता झटका दिला, ढकललंसुद्धा नाही, आणि आजोबा आडवे."

ते कशाची वाट बघत होते ते मला कळलं. त्या माणसानं पडावं याची. आठ वर्षं मी न चुकता पडलो होतो.

त्या मुलीसमोर मला उभं राहवेना. मी पाठ फिरवून दारातल्या वजनाच्या यंत्राकडे बघत राहिलो. तिला वाटलं, मी ते तपासायला आलोय. तिनं विचारलं, "बिघडलंय का हो?"

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त खाते. सरांनी आम्हा सगळ्यांना पडायला शिकवलं. एका गोदामात मी शिडीवरून पाठीवर आलो होतो तेव्हा साधं खरचटलंही नव्हतं, ते त्यांच्या शिकवण्यामुळे. पण सर स्वतः गेल्या पंधरा वर्षांत एकदाही पडले नव्हते. पडायचा सराव त्यांचा सुटला होता. पडायला मी होतो ना. म्हणून त्या दिवशी ते लाकडाच्या ओंडक्यासारखे एका कुशीवर गेले आणि खुबा मोडला.

"सापडलं मला," सर म्हणाले.

मी भानावर आलो. त्यांनी माझ्या मुठीतून मनगट काढून घेतलं आणि वही उचलली.

"हात नाही चुकला. पायही नाही. मनात राग होता. त्या माणसाला बघितलं आणि मला संताप आला. पंचेचाळीस वर्षं कशासाठी घालवली? राग येऊ नये म्हणूनच ना? आणि ऐन वेळी..." त्यांनी वही मिटली. "मी खोटा निघालो, तराजू. सोमवारी सगळ्यांना इथे बोलाव. मी माझ्या तोंडानं सांगतो त्यांना, की मी शिकवायच्या लायकीचा नाही. वर्ग तू घे. तूच राहिलास आता सच्चा."

त्यांनी माझी चूक स्वतःच्या माथी घेतली होती, आणि मला बक्षीस देत होते.

"सर, रागाचं काही नव्हतं."

"तुला काय ठाऊक?"

"डावच लागत नव्हता सर. खूप दिवसांपासून. तुम्ही मला पाडत नव्हता. मी आपणहून पडत होतो."

काकू चहा घेऊन दाराशी आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"कधीपासून?"

"आठ वर्षं झाली. समारंभ होता तेव्हापासून."

"आणि बाकीचे?"

"माझं बघून."

सरांनी हात चादरीवर ठेवला आणि विचारलं, "त्याआधीची बारा वर्षं?"

"ती खरी, सर. आईशपथ खरी. काही कळायच्या आत मला छत दिसायचं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकदा तरी उभं राहायचं होतं," ते म्हणाले. "एकदा." मग त्यांनी चादर सारखी केली. "या तुम्ही आता."

वीस वर्षांत त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. मी उठलो. काकूंनी चहाचा कप तसाच हातात धरला होता. त्यांच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडलो.

पाच आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. हॉलला कुलूप होतं. मी कामावर जात होतो, काटे उघडत होतो, बंद करत होतो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "आता तुम्हाला हलकं वाटतंय का?" मी नाही म्हणालो. "मग ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्याचा अर्थ मी बरेच दिवस लावत बसलो.

मग एका रविवारी काकूंचा फोन. "दहा वाजता या म्हणतायत."

मी गेलो तर सर पलंगावर सपाट आडवे होते. उशा काढून खुर्चीवर रचल्या होत्या. पायजम्यावर त्यांनी सरावाचा पांढरा अंगरखा घातला होता, इस्त्री केलेला. ते बरेच वाळले होते. भिंतीशी चालायचा वॉकर उभा होता.

"बसा," ते म्हणाले. अहो-जाहो तसंच होतं. "मला पडायला शिकवा."

"सर, मी तुम्हाला काय..."

"पहिल्या दिवशी मी काय शिकवलं होतं?"

"आडवं झोपून मान उचलायची. हनुवटी छातीला लावायची, पडताना डोकं आपटू नये म्हणून."

"पुढं?"

"नजर पट्ट्याच्या गाठीवर."

"पट्टा नाही. नाडी आहे, ती चालेल."

मी काकूंकडे बघितलं. "व्यायाम घ्यायला येते तिला विचारलंय," त्या म्हणाल्या. "मान उचलायला तिची हरकत नाही. पाय मात्र हलवायचा नाही."

सरांनी दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवले. आणि सुरू करायच्या आधी, पडल्या पडल्या, मान किंचित झुकवली. आम्ही वीस वर्षं त्यांच्यापुढे झुकवायचो तशी. मी काय करावं ते मला सुचेना. मी उठून उभा राहिलो आणि मीही त्यांच्यापुढे वाकलो.

त्यांनी मान उचलली. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, डोकं थरथरायला लागलं. हनुवटी खाली आली, छातीपासून दोन बोटं वरच राहिली.

"लागली?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"लागली सर" हे माझ्या जिभेवर तयार होतं. दारातून काकू मला डोळ्यांनी खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणून टाका. सरांचं कपाळ घामानं भिजलं होतं. त्यांना हो म्हणण्यासारखी सोपी गोष्ट जगात दुसरी नव्हती.

"नाही सर," मी म्हणालो. "दोन बोटं वर आहे."

त्यांनी डोकं गादीवर टेकवलं. डोळे मिटून श्वास घेतला. मला वाटलं, आता पुन्हा "या" म्हणतील. त्यांनी डोळे उघडले आणि परत मान उचलली.

"आता?"

"नाही."

काकू आत निघून गेल्या. सरांनी डोकं टेकवलं, अंगरख्याच्या बाहीनं घाम पुसला आणि तिसऱ्यांदा मान उचलली.

"आता?"

मी खाली वाकून नीट बघितलं. "नाही सर," मी म्हणालो. "अजून नाही."