न प्यालेली कॉफी

सालेमने थोरल्या भावाच्या हातून कॉफी घेतली आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवून दिली.

मिस्लेहच्या ते आधी लक्षातच आलं नाही. टँकर दारात उभा केलास, आता सगळी गल्ली पाण्यासाठी माझं दार ठोठावणार, अशी त्याची थट्टा चालली होती. मग त्याची नजर कपावर गेली आणि तो बोलायचा थांबला.

त्यांच्या करक शहरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. कुणी मुलीला मागणी घालायला येतं, कुणी खुनाची माफी मागायला. यजमानाने शब्द दिल्याशिवाय असा पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही. पण ही परक्यांची रीत. सख्ख्या भावाने भावाच्या घरी कप खाली ठेवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. सालेमलाही ते ठाऊक होतं. गच्चीवरच्या टाक्या भरून देण्यात त्याची हयात गेली. कुणाशी वर मान करून बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

कारण होतं रनद, त्याची एकुलती एक मुलगी. अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर ती सगळा हिवाळा परदेशी बँकांना अर्ज पाठवत बसली होती. लंडन, टोरांटो, शिकागो. सगळीकडून गोड शब्दांत एकच नकार यायचा, की मुलगी हुशार आहे, पण नवख्या माणसासाठी आम्ही व्हिसाची खटपट करत नाही. शेवटी एका मैत्रिणीने तिला विचारलं, ‘अगं, पण तू जन्मलीस कुठे?’ रनद जन्मली होती डेट्रॉइटला. मधला भाऊ नवाफ तिथे गेला, तेव्हा त्याच्या पेट्रोलपंपावर सालेमनेही काही वर्षं काढली होती. म्हणजे पोर जन्मानेच अमेरिकेचीही नागरिक होती आणि घरात कुणाला त्याची कधी गरजच पडली नव्हती. तिने तसं लिहून नव्याने अर्ज केले. शिकागोच्या एका कंपनीने मुलाखती घेतल्या, निवडही केली. आता फक्त नागरिकत्वाचा पुरावा हवा होता.

तो होता मिस्लेहच्या लोखंडी कपाटात. जमिनीचे, लग्नांचे, सगळे कागद थोरल्याकडे ठेवायचे, ही घराची पद्धत. रनदचा जन्मदाखला आणि तान्हेपणीचा पासपोर्ट सालेमनेच परतल्यावर त्याच्या हवाली केला होता. सालेमने दोनदा ते मागून पाहिले. एकदा मिस्लेह म्हणाला, ईद होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाला, ऑलिव्ह उतरू देत. रनदचं म्हणणं, दूतावासात हरवले म्हणून सांगू. त्यावर सालेम एवढंच म्हणाला होता, “कागद हरवले म्हणायचे, तर आधी काका मेला म्हणावं लागेल.”

“पी रे. गार होतेय,” मिस्लेह म्हणाला.

“काम झालं की पितो.”

“भावाच्या घरात तुझं काम अडलंय?”

“भाऊ म्हणून दोनदा मागितलं, दादा. तू हसण्यावारी नेलंस.”

मिस्लेहने किटली शेगडीवर ठेवली. तो दुष्ट नव्हता. नवाफ असाच कागद घेऊन गेला आणि आई त्याचं नाव घेत वारली, तरी आला नाही. फोनवर मात्र ढसाढसा रडला. तेव्हापासून मिस्लेहने त्या कपाटाची किल्ली कमरेला लावली होती.

“ती परत येईल असं वाटतं तुला?” त्याने विचारलं.

सालेमला खोटं बोलता आलं असतं.

“नाही वाटत,” तो म्हणाला. “पण इथे तरी कुठे आहे ती? ताटावर बसते, विचारलं तर बोलते. घरात नसते, दादा.”

“आईवर माती लोटायला आपण दोघंच होतो. माझ्या वेळी कोण?”

“मी आहे ना.”

“तू तर आज परका होऊन आलास.”

सालेमला रडू फुटेल असं वाटलं. हात पुढे करून कप उचलावा, चुकलो म्हणावं, असं फार मनात आलं. पण त्याने हात मांडीवरच दाबून धरला.

मिस्लेह उठला. डोक्यावरचा रुमाल नीट करून आत गेला. कपाट करकरलं. पिवळं पडलेलं पाकीट त्याने सालेमच्या गुडघ्यापाशी ठेवलं आणि समोर ताठ बसून, रीतीने जे म्हणायचं ते म्हटलं.

“कॉफी घ्यावी आपण. ज्यासाठी आलात, ते आपल्याला दिलं.”

सालेमने कॉफी संपवली. ती थंडगार आणि कडू होती. पाकीट उचलून तो उठला.

एरवी तो निघाला की मिस्लेह लोडाला टेकूनच ओरडायचा, ‘दार ओढून घे रे, मांजर शिरतं.’ आज तो बरोबर चालत फाटकापर्यंत आला, तिथेही थांबला नाही. टँकरचं दार त्याने स्वतःच्या हाताने उघडलं, सालेम चढून बसला तसं हळू लावलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, “आपण आलात, घराला शोभा आली.”

मग सालेमची गाडी उतारावरून वळेपर्यंत, पाहुणा दिसेनासा होईतो यजमान उभा राहतो तसा, तो रस्त्यावर उभा राहिला.