हिरव्या कापडाखालचा फोन

इराणमधल्या करमान शहरातल्या त्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका चपला दारात टाकून आत घुसल्या होत्या. मेलेला माणूस पुन्हा बोलणार होता म्हणे!

मधोमध दुआ-ताईत देणारे जलाली आगा बसलेले, समोर तबकात हिरव्या कापडाखाली मयत युनुस यांचा फोन. 'दुआ पढून देतो' म्हणून आगांनी तो लॉकच्या आकड्यासकट मागून घरी नेला होता. गेल्या गुरुवारी त्यांनी कापडाखाली हात घालून दुआ पुटपुटली आणि घरच्या ग्रुपवर युनुस यांचा आवाज आला: "तूबा, रडू नकोस. इथं शांत आहे. खिडकीतून एक झाड दिसतं."

बायका म्हणाल्या, ते स्वर्गातलं झाड.

त्या दिवसापासून विधवा तूबाखानूमनं इन्शुलिन बंद केलं. मयताच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत उपास. सुई टोचली की आत्म्याची वाट मिटते, असा आगांचा हुकूम.

मुलगी शूकूफे आईचे फुटलेले ओठ बघत होती.

"मामान, सुई घे ना गं."

"तुझे बाबा बोलतायत, आणि मी वाट मिटवू?"

"मरशील अशानं."

"मग तर भेटतीलच."

शेवटच्या दिवसांत बाबांनी इस्पितळातून शूकूफेला एक शब्द पाठवला नव्हता. तो आवाज तिलाही पुन्हा हवा होता.

तेवढ्यात आई एका अंगावर कलंडली. शूकूफेचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तिनं कापड भिरकावलं आणि बाबांचाच फोन उचलला.

"हात लावू नकोस, पोरी! आत्मा जळेल!"

"जळू दे. टॅक्सी बोलावतेय."

टॅक्सी लगेच मिळाली, आणि शूकूफे थबकली. स्क्रीनच्या वर किल्लीची खूण होती. म्हणजे व्हीपीएन, बंदी चुकवणारी इंटरनेटची आडवाट, चालू! व्हीपीएन चालू असलं की टॅक्सीचं आणि बँकेचं अ‍ॅप अडून बसतं. बंद केलं की सरकारनं बंदी घातलेला मेसेंजर अडतो. करमानची शेंबडी पोरंसुद्धा दिवसभर हीच चालू-बंद करतात. मग टॅक्सी मिळाली कशी?

तिनं सेटिंग उघडली. कोणती अ‍ॅप व्हीपीएनमधून जातील आणि कोणती बाहेरून, हे बाबांनी निवडून ठेवलं होतं. बँक बाहेर, टॅक्सी बाहेर. आणि घाईत मेसेंजरही बाहेरच राहिला होता! त्याच्यात बाबांनी इस्पितळातून घरच्या ग्रुपवर बोलून धाडलेले निरोप पडून होते, प्रत्येकापुढे घड्याळाची खूण. निघालेले, पण न पोचलेले.

"टॅक्सी येतेय, मामान. ऊठ."

"मी नाही येणार. आज ते बोलतील."

शूकूफे आगांकडे वळली. "व्हीपीएनच्या यादीत मेसेंजरसमोर खूण करायची, एक निरोप सुटला की ती काढायची. हीच ना तुमची दुआ?"

"बेटी, उपाशी जिवाच्या हाकेलाच आत्मा—"

"मी सकाळी पोटभर जेवलेय. बघू या, माझ्या हाकेला येतो का."

तिनं खूण केली. तूबाखानूमचा फोन वाजला. पुन्हा वाजला. बाबांच्या आवाजामागे जेवणाची गाडी खडखडत होती, नर्स म्हणत होती, "युनुस आगा, ताप बघू." बाबा अळणी सुपाला नावं ठेवत होते. आणि शेवटी धापा टाकत: "शूकूफे, आईची सुई चुकवू देऊ नकोस. ती विसरते."

शूकूफेनं फोन आगांसमोर धरला.

"फोन तुमच्याच घरी होता. हा निरोप तुम्ही ऐकला होता, आगा. ऐकूनही तिची सुई बंद केलीत."

आगा दाराकडे सरकले. मागून शेजारीण ओरडली, "पळा आगा, पळा! वाट मोकळीच आहे!"

"अजून एखादा असेल गं," तूबाखानूम पुटपुटली. "नीट बघ."

शूकूफेनं नीट पाहिलं. घड्याळाची एकही खूण उरली नव्हती.

"नाही, मामान. संपले."

आईनं डोळे मिटले. मग हात पुढे केला. "उठव मला."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजत होता.

कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारावं: हे उपास न करता, दुआ न म्हणता, दुसऱ्या कुणाच्या हातून होतं का? होत असेल, तर त्यासाठी चालू असलेलं औषध सोडू नये. गेलेल्या माणसाचा आवाज कानावर आला, तरीसुद्धा.