दूध पिणारी बैलजोडी

त्रेसष्ट सालची गोठ. तवा मी परतवाडा ते अचलपूर टांगा हाकत होतो. एक दिवस अकोल्याच्या शेतकी कॉलेजातला मास्तर बसला टांग्यात, मेळघाट पाहून वापस चालला होता. वाघ काही दिसला नव्हता त्याले. मी म्हणलं, इतकं मोठं जंगल अन् वाघ इतकेसे काहून?

मास्तर खुलला. म्हणे, उन्हाचा जोर गवतात उतरते, गवतातला हरणात, हरणातला वाघात. पन हरेक पायरीवर दहातले नऊ हिस्से वाटेतच खपते. चालण्यात, श्वास घेण्यात, आंग गरम ठेवण्यात, शेणामुतात. वरच्याच्या तोंडी पडते एक हिस्सा. म्हणून गवत डोंगरभर, हरणं कळपानं, अन् वाघ एखादा.

मले हे लई आवडलं. असं ग्यान कुठंतरी वापरल्याबिगर मले चैन पडत नाई.

आमच्या गावचा उत्तमराव देशमुख शंकरपटाचा, म्हंजे बैलजोड्याईच्या शर्यतीचा, शौकीन. हौश्या अन् पोशा, पांढरीफेक जोडी त्याची. जोडी नावाले देशमुखाची, खरी देवमनची. देवमन त्याचा सालदार. वासरं होते तवापासून त्यानंच वाढवले, गोठ्यातच झोपे, भाकर खाताना अर्धी त्याईले दे. त्या साली पाणी कमी पडलं, कडब्याची एकच गंजी लागली. अन् अशात देशमुखानं चावडीवर शेजारगावच्या पंजाबरावासंग शर्यत लावली. पटात जो हारन त्याची जोडी जितणाऱ्याची.

देवमनचं तोंडच उतरलं. मले मात्र गुदगुल्या झाल्या. याच देशमुखानं माह्या घोडीले भर बाजारात हाडकाचं गाठोडं म्हणलं होतं.

मी गेलो वाड्यावर. म्हणलं, भाऊसाहेब, कडबा म्हंजे काय, नुसता भुसा. पोट फुगते, पाय जड होते. कडबा म्हशीईले घाला, त्याईचं दूध बैलाईले पाजा. सगळा अर्क बैलाच्या आंगात. पटाचे बैल दूध-अंडी खातेच, सगळ्याईले माहीत. पन कडबा आजिबात बंद करायची अक्कल कोनाले सुचली नव्हती. देशमुखाच्या मिशा वर चढल्या.

बाजारातून चार म्हशी आल्या. गंजी उतरू लागली. म्हशी जाड झाल्या, दूध थोडंसंच. आठ दिवसानं मी पुन्हा गेलो, म्हणलं, अंड्यात दुधाहून जास्त जोर. मंग साठ कोंबड्या आल्या, बैलाईची ज्वारी-सरकी कोंबड्याईले. मी पायरीवर पायरी चढवत गेलो, अन् वर बैलाईच्या तोंडी येत गेलं चमचाभर.

हौश्याच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. दोघंही हगवणीनं पातळ झाले. देवमननं देशमुखाचे पाय धरले, कडबा द्या म्हणे मालक. देशमुख म्हणे, तू मले शिकवतं काय? तवापासून देवमन शेताच्या धुऱ्यावरचं हिरवं गवत धोतरात लपवून आणे, बैलाईले चारे. मी ते पायलं. अन् सांगतलं देशमुखाले. काय करू, हाताशी आलेला खेळ असा सोडवते का? देशमुखानं गोठ्याले कुलूप घातलं. देवमन भिंतीबाहीर झोपू लागला, आतून बैल हंबरत, हा बाहीरून बोलत राहे त्याईच्यासंग.

पटाच्या दिवशी माणसं झाडावर चढले होते. झेंडी पडली. पंजाबरावची जोडी सुटली ते दिसलीच नाई, धुराळाच दिसला. आपली जोडी दाणीत, म्हंजे पळायच्या पट्टीत, अर्ध्यावर आली अन् पोशा गुडघ्यावर बसला, त्याच्यासंग हौश्याही. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं तुतारीचा खिळा टोचला, शेपटी पिरगाळली. बसले ते बसलेच. लोक हासून हासून लोळले. मीही लोळलो.

देशमुख उठून घरी गेला. पंजाबरावच्या माणसाईनं कासरा ओढला, तर बैल जागचे हालेनात. देवमननं हात लावला तवा उठले. मंग त्यालेच सांगतलं, तूच पोचव. तीन कोस. मी टांगा घेऊन संग निघालो. म्हणलं, बस बे देवमन, पाय दुखतीन.

तो चालत राहिला. समोर पाहतच म्हणे, "मोतीरामभाऊ, तुले मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग काहून केलं?"

"मजा आली म्हणून."

तो पोशाच्या पाठीवर हात फिरवत चालला. डोयाले पाणी होतं, ते पुसतही नव्हता.

पंजाबरावचं गाव एका हाकेवर आलं अन् वारा पालटला. गावाबाहीर त्याच्या खळ्यात कडब्याच्या तीन गंज्या उभ्या. हौश्यानं नाक वर केलं. पोशाचे कान उभे झाले. अन् भाऊ, पटात जे बैल गुडघ्यावर बसले, ते असे उधळले का माह्या घोडीले मागं टाकून गेले. कासरा देवमनच्या हातातून सुटला, तयहात सोलला. तो मागं पयाला, नावं घेऊन हाका मारत. हौश्या, पोशा. इतक्या वर्षात त्या हाकेले ते थांबले नाई असं झालं नव्हतं.

आमी पोचलो तवा दोघाईची तोंडं गंजीत खांद्यापर्यंत घुसली होती. देवमन जवळ गेला, पोशाच्या मानेवर हात ठेवला. पोशानं शिंग हानलं त्याले. कोनी घास हिसकाले आला असं वाटलं असन.

पंजाबरावच्या माणसानं म्हणलं, जा आता बाबा, आमी पायतो.