गरजूंची पंगत

ईश्वरप्पा अडत्यांचा आवाज मोंढ्यात बोली पुकारून तयार झालेला. ते बोलायला लागले की समोरचा आपला मुद्दाच विसरायचा, आणि ईश्वरप्पा त्यालाच विजय समजायचे. लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती, पावसानं पाठ फिरवली होती, आणि अशात दिल्लीहून एक समिती लातुरात येणार होती. देशातल्या म्हाताऱ्या माणसांना दरमहा पेन्शन द्यायची तर कुणाकुणाला, हे ती लोकांना विचारणार होती. शिरूर अनंतपाळकडून बोलायला ईश्वरप्पांचं नाव निघालं. दुसऱ्या कुणाचं निघू शकतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

निवृत्त मास्तर हणमंतराव म्हणत, पेन्शन सरसकट सगळ्यांना द्यावी. त्यावर ईश्वरप्पा पोट धरून हसले. मोंढ्यात दुकान असलेल्यालाही पेन्शन? आधी निराधार निवडा, मग त्यांनाच पोटभर द्या, असं त्यांचं साधं मत. पुरावाही हाताशी होता. ते गावच्या मठाचे पंच. मठात रोज दुपारी दासोह चाले. जो येईल त्याला जेवण, कुणाला काही विचारायचं नाही, सावकार आणि सालगडी मांडीला मांडी लावून बसत. दुष्काळात ज्वारी पुरेना, तेव्हा पंचांनी फर्मान काढलं, की ज्यांच्या घरी चूल पेटते त्यांनी घरीच जेवावं, यापुढे फक्त गरजूंची पंगत बसेल. थोड्याच दिवसांत पंगत निम्म्यावर आली. खरे गरजू किती थोडे असतात बघा, असं ईश्वरप्पा सगळ्या गावाला सांगत सुटले.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी ते थोरल्या बहिणीच्या, दानम्माच्या पाया पडायला गेले. तिचा नवरा कधीच गेलेला, मुलं हैदराबादला. मुलं सगळं बघतात असं ती सांगे, आणि ते ऐकून भावालाही बरं वाटे. पूर्वी ती रोज मठात जेवायची, पण तेव्हा सगळेच जेवायचे. आज ती दार धरून उभी राहिली. आत चूल सारवून ठेवलेली, राखेचा कणही नाही.

"अक्का, जेवलीस का?"

"उपास हाय आज."

"उपास सोमवारी आसतो. आज बुधवार हाय."

"गरजूंच्या पंगतीत बसले आसते, तर माझ्या पोरांची अब्रू काय ऱ्हायली आसती, ईश्वरा? अन् तुझी?"

ईश्वरप्पांना रडू फुटलं. स्वतःची अशी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. ते तिला हाताला धरून मठात घेऊन गेले आणि पंगतीत मधोमध स्वतः मांडी घालून बसले. वाढपी बिचकला, पण त्यानं वाढलं. मग अक्का शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी लातुरात त्यांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पेन्शन सगळ्यांना द्या, म्हणाले, आणि पहिलं नाव माझं लिहा. हणमंतराव मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. समितीचे अध्यक्ष हसले. "शेटजी, तुम्हाला कशाला हवी पेन्शन?"

"मला नकोच हाय साहेब. माझ्याकडून करात परत घ्या, दुप्पट घ्या. पण वाढताना मला वगळू नका. मी पंगतीतून उठलो, की माझी अक्का बी उठती."