थोरलीच्या शेजारची लाकडी तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. घाबरू नका, मी लाकडाची आहे. माझ्या नळीतून आजवर एकही गोळा सुटलेला नाही. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करते. माझा स्वभाव फार हेवेखोर आहे. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, आणि माझा जन्मच मुळी हेव्यातून झाला.

आशियातल्या दोन शेजारी देशांच्या मध्ये एक बर्फाळ डोंगर आहे. अलीकडच्या उतारावर आमचं ठाणं आणि पलीकडच्या उतारावर त्यांचं. दोन्हीकडचे लोक दिवसभर डोळ्यांना दुर्बिणी लावून एकमेकांच्या तोफा मोजत बसत. एकदा मोजणीत निघालं की त्यांच्या बारा आहेत आणि आपल्या आठच. आमच्या मोठ्या साहेबांना ते फार लागलं. मग त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

मिस्त्री म्हणजे ठाण्यातले सुतार. ते सैनिक नव्हते. खाटा, दारं आणि पेट्यांची झाकणं दुरुस्त करायला त्यांना ठेवलं होतं.

"मिस्त्री, चार तोफा करायच्यात," साहेब म्हणाले.

"लाकडाच्या, साहेब?"

"दुर्बिणीतून लोखंडाच्या दिसल्या पाहिजेत."

त्या चारांतली मी पहिली. तारेच्या जुन्या लाकडी खांबाची नळी, मोडक्या खाटांचा गाडा, भंगारातल्या ट्रकची चाकं आणि वरून काळपट हिरवा रंग. मिस्त्रींनी मला आठ दिवस रंधा मारला. ठाण्यातला आचारी येताजाता म्हणायचा, "अहो, एवढी नटवताय, हिला सासरी पाठवायचीय की काय?" मिस्त्री हसायचे आणि पुन्हा घासायला लागायचे. तेवढे आठ दिवस मी कुणाचाच हेवा केला नाही.

नंतर मला थोरलीच्या शेजारी नेऊन उभं केलं आणि माझी शांती संपली.

थोरली म्हणजे ठाण्यातली सगळ्यात लांब पल्ल्याची तोफ. तिच्या दिमतीला सात माणसं. तिला रोज तेल, तिला मेणकापडाचं पांघरूण, पाहुणे आले की पहिला सलाम तिला. आणि मला काय? एक म्हातारे सुतार आणि त्यांचा झाडू! थोरली कधी गर्वाने बोलली नाही, पण तिचं ते न बोलणंच मला जास्त झोंबायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

झाडूचं कारण सांगते. ऊन पडलं की लोखंडावरचा बर्फ लवकर वितळतो. लाकडावरचा मात्र दुपारपर्यंत तसाच राहतो. दुर्बिणीतून बघणाऱ्याला तेवढ्यावरून खरी कोणती आणि खोटी कोणती ते कळतं. म्हणून मिस्त्री रोज ऊन वर यायच्या आत आम्हा चौघींवरचा बर्फ झाडायचे. मग चहाचा मग घेऊन ते माझ्या चाकाजवळ बसून राहायचे. खऱ्या तोफेजवळ कायम माणसं दिसतात, माझ्याजवळ निदान एक तरी दिसायला नको का?

बसल्या बसल्या ते माझ्याशी बोलायचे. नोकरी संपल्यावर लेकीकडे जाऊन राहायचं, तिला मोठं कपाट करून द्यायचं, नातवंडांना खेळणी करायची, असं बरंच काही. माझं अर्धं लक्ष थोरलीच्या तेलाकडे असायचं.

एके दिवशी एका वर्तमानपत्रात दोन्ही देशांच्या ताकदीचा तक्ता छापून आला. सैनिक, विमानं, जहाजं, रणगाडे, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. आचाऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. "आणि हे ऐका! डोंगरावरच्या तोफा, त्यांच्या बारा, आपल्या बारा!"

सगळे पोट धरून हसले. मी मात्र फुशारून गेले. छापलेल्या आकड्यात मी होते! पण माझा आनंद फार टिकला नाही. तक्त्याच्या वर एका तोफेचं चित्र होतं आणि ते थोरलीचं होतं. तेव्हापासून मी एकच गोष्ट मागत राहिले. एकदा तरी समोरच्यांनी थोरलीला सोडून माझ्यावर नेम धरावा.

माझ्या चाकाजवळ कोण बसतं, याचा मी विचार केला नाही. थोरलीच्या हवालदारांनी केला. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमची तोफ फारच खरी वाटायला लागलीय. जरा लांब बसत जा."

"लांब बसलो तर खरी कशी वाटेल?" मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

पुढच्याच आठवड्यात चकमक सुरू झाली. आदल्या दिवशी भरपूर बर्फ पडला होता. मिस्त्री माझी नळी झाडत होते, तेवढ्यात पलीकडून पहिला गोळा आला. तो थोरलीवर आला नाही, माझ्यावर आला. सांगायला लाज वाटते, पण अर्धा क्षण मी खूश झाले होते.

माझा गाडा फुटला आणि नळी उभी चिरली. मिस्त्री दूर फेकले गेले. थोरलीची माणसं धावली आणि त्यांना झोळीत घालून खाली घेऊन गेली. त्यांचा जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला. थोरलीला ओरखडासुद्धा आला नाही.

तीन दिवसांत चकमक थांबली. पलीकडच्या वर्तमानपत्रात आलं, "शत्रूची एक मोठी तोफ उद्ध्वस्त." आपल्याकडे आलं, "आपण एकही तोफ गमावली नाही." मिस्त्रींच्या हाताबद्दल दोन्हीकडे काहीच छापून आलं नाही. ते सैनिक नव्हते, आणि मी तोफ नव्हते.

आता मी एका संग्रहालयात आहे. थोरली अंगणात चौथऱ्यावर, भोवती साखळी, पुढे फलक. मी मागे, पाण्याच्या टाकीजवळ. मुलं तिच्यासोबत फोटो काढतात तेव्हा अजूनही मी जळते. वर्षातून एकदा मिस्त्री येतात आणि डाव्या हाताने माझ्या चिरा भरतात. काम वेडंवाकडं होतं. ते पुसून पुन्हा भरतात.

परवा ते आले होते तेव्हा एका शाळेची सहल आली. सरांनी मुलांना दोन देशांचा तक्ता पुरा करायला सांगितला होता. एक मुलगी वही घेऊन मागे आली आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"आजोबा, हात कशाने गेला?"

"लढाईत गेला गं."

"म्हणजे तुम्ही सैनिक?"

"नाही बाळ, सुतार."

तिने वहीतल्या रकान्यांवरून बोट फिरवलं. सैनिक, विमानं, जहाजं, रणगाडे, तोफा. मग तिने अंगणाकडे बघून मोठ्याने विचारलं, "सर, या आजोबांना कुठे लिहू?"

सर जवळ आले. त्यांनी वहीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि पुन्हा वहीतले रकाने वाचायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझ्या चिरा राहू द्या. मला साखळी आणि फलकही नको, निदान आज तरी नको. पण असा तक्ता तुमच्या वहीत आला, तर त्या मुलीने विचारलं तेच तुम्हीही विचारा. सरांना उत्तर सुचलं नाही, तर मिस्त्रींसारख्यांसाठी खाली एक ओळ रिकामी सोडा. ती सोडल्याशिवाय वही मिटू नका.